प्रशस्ती: दगडावर कोरलेलं कौतुक

एका आईनं आपल्या मुलाचं कौतुक करावं, यात नवल काहीच नाही. पण नाशिकच्या पांडवलेण्यांत, ३ क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात, गौतमी बलश्रीनं केलेलं कौतुक अठराशे वर्षांहून अधिक काळ भिंतीवर टिकून आहे. तिचा मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. लेख कोरला गेला तेव्हा गादीवर नातू होता, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, आणि त्याच्या राज्याचं १९वं वर्ष चालू होतं. बलश्री स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून देते. आणि मग प्राकृतात विशेषणांची जी माळ सुरू होते, ती थांबायचं नाव घेत नाही. मुलाचा चेहरा सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखा. चाल हत्तीसारखी डौलदार. त्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायलेली. अभय देताना सोडलेल्या पाण्यानं त्याचा हात ओला. शक, यवन आणि पह्लव यांचा त्यानं पाडाव केला, खखरात वंश समूळ उपटला, सातवाहन कुळाची कीर्ती पुन्हा उभी केली. कर घेतला तो धर्मानं. प्रजेचं सुखदुःख आपलं मानलं. अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला रुचत नसे. आणि हो, आईच्या सेवेत त्यानं खंड पडू दिला नाही.

हे सगळं कशासाठी? भदायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना एक लेणं दान दिलं, त्याची नोंद करण्यासाठी! कामाचा मजकूर तेवढाच. बाकीची प्रशस्ती.

‘प्रशस्ती’ हा शब्द आज आपण जरा नाक मुरडूनच वापरतो. ‘त्यांची स्वतःचीच प्रशस्ती चालली होती’ म्हटलं की बोलणाऱ्याचा नूर लगेच कळतो. शाळेतून मिळालेलं प्रशस्तिपत्रक मात्र हौसेनं चौकटीत बसवून भिंतीवर लावतो. आणि नवं घर पाहून आल्यावर ‘हॉल चांगला प्रशस्त आहे’ म्हणताना या शब्दाचा स्तुतीशी काही संबंध असेल, हे मनातही येत नाही. पण या सगळ्यांचा धातू एकच, ‘शंस्’. मोठ्यानं, जाहीरपणे, रीतसर उच्चारणं हा त्याचा अर्थ. ज्याची अशी वाखाणणी झाली ते प्रशस्त, म्हणून उत्तम, म्हणून शुभ. मराठीनं त्याला वर ऐसपैसपणा बहाल केला. ‘श्रेष्ठ’ हा शब्दही पाणिनी याच घरात आणून बसवतो. ‘प्रशस्य’ म्हणजे स्तुतीला पात्र. त्याची तुलनेची रूपं करताना मूळ शब्दाच्या जागी ‘श्र’ येतो आणि श्रेयस्, श्रेष्ठ ही रूपं तयार होतात, असा त्याचा नियम आहे. म्हणजे व्याकरणाच्या हिशेबानं श्रेष्ठ तो, ज्याची वाखाणणी सर्वांत जास्त व्हावी.

वैदिक यज्ञात ‘होता’ नावाचा ऋत्विज जी स्तुती म्हणायचा तिला ‘शस्त्र’ म्हणत. तलवारीच्या शस्त्राशी तिचं नातं नाही; तो शब्द कापणे या अर्थाच्या वेगळ्या धातूतून आला. माणसांच्या, वीरांच्या, दात्यांच्या स्तुतीला ‘नाराशंसी’ असं नाव होतं. हा धातू भारतापुरताही राहिलेला नाही. इराणात बिसुतूनच्या कड्यावर दारयवहू राजाचा लेख आहे. त्यात परिच्छेदामागून परिच्छेद ‘दारयवहू राजा सांगतो’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतो, आणि तिथलं ‘सांगतो’ हे क्रियापद शंस्‌चं सख्खं भावंड आहे. लॅटिनमध्ये याच मुळापासून जोखणे, मत देणे या अर्थाचं क्रियापद निघालं आणि त्यातून सेन्सस आणि सेन्सॉर हे शब्द आले. आपली प्रशंसा आणि सिनेमाला कात्री लावणारा सेन्सॉर ही एका कुळातली मंडळी आहेत, हे कळल्यावर क्षणभर हसू येतं. मग लक्षात येतं की यात विसंगत काही नाही. चारचौघांत एखाद्याचं मोल जाहीर करायचं, तर आधी ते जोखावं लागतं. आणि जोखायचं कशानं, हे ज्या त्या काळानं ठरवलेलं असतं.

प्रशस्तीचा साचाही ठरत गेला. आधी देवाला नमन. मग वंश, शक्य असेल तर थेट चंद्रसूर्यांपर्यंत नेलेला. मग राजाचे पराक्रम, रूप, विद्या, दानशूरपणा. मग ज्यासाठी लेख कोरला ते देऊळ, तळं किंवा जमीन. शेवटी तिथी, आणि पुष्कळदा रचणाऱ्याचं आणि कोरणाऱ्याचं नाव. राजाच्या पदरचा कवी राजाला वाईट म्हणणार नाही, हे उघड आहे. मग अशा लेखनावर विश्वास किती ठेवायचा?

नाशिकच्याच लेखावर हा प्रश्न घासून पाहता येतो. खखरात म्हणजे क्षहरात. नहपान हा क्षत्रप त्या कुळातला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबी गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी! त्यांतल्या दोन तृतीयांशांपेक्षा जास्त नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या राजाचा पैसा वितळवत बसण्याऐवजी त्याच्याच चेहऱ्यावर आपला छाप उठवून तो पुन्हा बाजारात सोडला होता. वंश उपटल्याची आईची भाषा अलंकारिक होती, पण तिच्यामागचा विजय चांदीइतका खणखणीत होता.

त्याच डोंगरात, १० क्रमांकाच्या लेण्यात, या उपटलेल्या कुळाचीही प्रशस्ती आहे. नहपानाचा जावई उषवदात. त्यानं तीन लाख गायी दान दिल्या, तापी, दमण, डहाणू इथल्या नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या, धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या, असं तिथे कोरलं आहे. तीन लाखांचा आकडा पचायला जड आहे. पण नदी ओलांडताना लोकांना पैसे पडत होते आणि ते माफ करणं ही कोरून ठेवण्याजोगी थोरवी होती, एवढं तरी पदरात पडतंच.

आता गुजरातेत जुनागडला जाऊ. गिरनारच्या वाटेवरच्या एकाच खडकावर तीन राजवटींचे लेख आहेत: मौर्य अशोकाचे, क्षत्रप रुद्रदामनाचा आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचा. रुद्रदामनाचा लेख इसवी सन १५० च्या सुमाराचा, आणि संस्कृत गद्यात लिहिलेली ही पहिली मोठी प्रशस्ती मानली जाते. त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी वाचताना आपण चपापतो. अनूप, आकरावंती, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत. बलश्रीनं मुलाच्या राज्यात मोजलेली हीच तर नावं! दोन घराणी, दोन प्रशस्त्या आणि मालकीचा दावा सांगितलेले मुलूख तेच. दोन्ही लेख एकमेकांशेजारी ठेवले की सातवाहनांच्या हातून हे प्रदेश सटकले, हे ध्यानात येतं. बलश्रीच्या घराण्याच्या लेखांत ही गोष्ट सापडणार नाही. ती शत्रूच्या स्तुतीत सापडते.

रुद्रदामनाचा कवी पुढे सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला राजानं दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्यामुळे त्याचा नाश केला नाही. हे नातं कोणतं? उत्तराचा धागा मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत मिळतो. तिथला एक लेख वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख करतो आणि ती एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याचं सांगतो. महाक्षत्रपाचं नाव तुटलं आहे, ‘रु’ हे अक्षर तेवढं उरलं आहे. सासऱ्यानं जावयाला हरवून सोडून दिलं, अशी ही घरगुती भानगड असावी, असा तर्क अभ्यासकांनी त्यावरून बांधला.

पण जुनागडच्या लेखातली खरी गंमत वेगळीच आहे. तो मुळात एका धरणाच्या दुरुस्तीचा लेख आहे. सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त यानं बांधला, अशोकाच्या काळात तुषास्फ या यवन अधिकाऱ्यानं त्याला पाट काढले, मग एका वादळी पावसात तो फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकंच रुंद आणि ७५ हात खोल. एवढं मोठं काम अंगावर घ्यायला मंत्र्यांनी नकार दिला, लोकांनी आशा सोडून हाकाटी केली, आणि शेवटी सुविशाख नावाच्या पह्लव अधिकाऱ्यानं काम तडीस नेलं. राजानं प्रजेवर जादा कर, वेठबिगार किंवा ‘प्रणय’ नावाची सक्तीची देणगी लादली नाही, हेही कवी आवर्जून नोंदवतो. राजाला थोर ठरवायचं म्हणून लिहिताना कवी सुमारे साडेचारशे वर्षांचा बांधकाम खात्याचा इतिहास सांगून गेला. लोकांना एरवी काय सोसावं लागे, तेही त्याच्या तोंडून निसटलं. वेठबिगार नसतीच, तर ती न लादण्याचं कौतुक कोण करत बसेल?

समुद्रगुप्ताची गोष्ट तर आणखी नवलाची. आज शाळेच्या पुस्तकात दिमाखात बसलेल्या या सम्राटाच्या दिग्विजयाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते जवळजवळ सगळं एका खांबावर उभं आहे. प्रयागच्या किल्ल्यातला हा खांब मुळात अशोकाच्या लेखांचा. त्यावर हरिषेणानं समुद्रगुप्ताची प्रशस्ती रचून कोरवली, आणि बाराशेहून अधिक वर्षांनी जहांगीरानंही त्याच खांबावर आपली वंशावळ कोरून घेतली. हरिषेण नुसता कवी नव्हता. तह आणि युद्ध यांचं खातं सांभाळणारा सांधिविग्रहिक, कुमारामात्य आणि महादंडनायक अशी तीन पदं त्याच्याकडे होती. म्हणूनच त्याची क्रियापदं जपून वाचावी लागतात. आर्यावर्तातल्या नऊ राजांना समुद्रगुप्तानं बळानं उखडलं. दक्षिणेतल्या बारा राजांना पकडलं, सोडलं आणि त्यांच्यावर कृपा केली. जंगलातल्या राजांना सेवक केलं. नेपाळ, कामरूप अशा सीमेवरच्या राज्यांकडून खंडणी आणि आज्ञापालन घेतलं. स्तुतीच्या धबधब्यात एका परराष्ट्रमंत्र्यानं राज्याची रचना नेमकी मांडून ठेवली आहे: कुठे थेट सत्ता, कुठे नुसता दरारा. दक्षिण जिंकली पण राखली नाही, हे त्यानं ‘कृपा’ या गोड शब्दात गुंडाळून का होईना, सांगितलं.

या बारा राजांपैकी दोघांच्या गावांनी महाराष्ट्रातल्या अभ्यासकांनाही बराच काळ झुलवलं. एरंडपल्ल म्हणजे खानदेशातलं एरंडोल आणि देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र, असं आधी मानलं गेलं. तसं असतं तर समुद्रगुप्त आपल्या अंगणातून गेला असता. पुढच्या संशोधनात ही दोन्ही ठिकाणं पूर्व किनाऱ्याकडे सरकली आणि त्याची स्वारी आपल्याला हुलकावणी देऊन गेली. राजा संगीतात नारद आणि तुंबरूला लाजवतो, असंही हरिषेण म्हणतो. ही शुद्ध खुशामत म्हणून सोडून दिली असती, पण समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर तो स्वतः मांडीवर वीणा घेऊन बसलेला आहे. नारदाइतकी वाजवत होता की नाही कोण जाणे. पण ‘वीणा वाजवणारा राजा’ अशी आपली ओळख त्याला हवी होती, हे नक्की.

कर्नाटकात ऐहोळेच्या मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिरात रविकीर्तीनं चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची प्रशस्ती कोरली. साल ६३४. पुलकेशीनं युद्धात सम्राट हर्षाचा हर्ष घालवला, असा नावावर श्लेष त्यानं साधला. तीन महाराष्ट्रकांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचं स्वामित्व त्याच्या राजाकडे होतं, ही नोंदही इथलीच. मग कवीला स्वतःचाही मोह आवरला नाही. आपल्याला कालिदास आणि भारवी यांच्यासारखी कीर्ती मिळाल्याचं त्यानं खुशाल जाहीर केलं. ही बढाई मारली म्हणून केवढं काम झालं पाहा! कालिदासानं आपला काळ कुठेच सांगितलेला नाही. पण ६३४ साली दूर दक्षिणेत एक कवी त्याच्याशी बरोबरी सांगतो, तेव्हा कालिदास त्याआधी होऊन गेला आणि तोवर कीर्तीचं मापही बनला होता, हे पक्कं झालं.

हर्षाच्या माघारीला चिनी यात्रेकरू युआन श्वांगही दुजोरा देतो. पल्लवांच्या बाबतीत मात्र रविकीर्तीचं एक वाक्य आणि पुढचा इतिहास यांची जुगलबंदी लागते. पुलकेशीनं पल्लव राजाला कांचीच्या तटाआड दडायला लावलं, असं तो म्हणतो. काही वर्षांतच पल्लव नरसिंहवर्म्यानं चालुक्यांची राजधानी वातापी, म्हणजे बदामी, काबीज केली. पुढे पल्लवांच्या कूरम ताम्रपटात कवीनं हिशेब चुकता केला: पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर नरसिंहवर्म्यानं पत्र्यावर कोरावीत तशी ‘विजय’ ही अक्षरं लिहिली! दोन्ही दरबारांचे कवी आपापल्या जागी बरोबर होते. पराभव लिहिण्याचं काम कुणाकडेच नव्हतं. ते नेहमी पलीकडच्या कवीवर सोपवलेलं असे.

प्रशस्ती राजांचीच असते, असंही नाही. माळव्यातल्या मंदसोरला, जुन्या दशपुराला, लाट देशातून म्हणजे दक्षिण गुजरातेतून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीनं ४३६ साली सूर्यमंदिर बांधलं आणि ४७३ साली त्याची दुरुस्ती केली. त्यानिमित्त वत्सभट्टी या कवीकडून त्यांनी लेख लिहून घेतला. त्यांतले काही जण विणकामातच राहिले, काहींनी धनुर्विद्या उचलली, काही ज्योतिषी झाले, काही कथा सांगू लागले, अशी त्या स्थलांतरित समाजाची हकिकत त्यात येते. मग कवी धंद्यावर येतो. तारुण्य, रूप, दागिने, विडा, फुलं असं सगळं असलं तरी रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्याशिवाय स्त्री प्रियकराला भेटायला जात नाही, असं तो म्हणतो. पंधराशे वर्षांपूर्वीची ही रेशमाची जाहिरात देवळाच्या दगडावर कोरली गेली आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. कारागिरांनी आपल्या मालाचा अभिमान देवासमोर मांडावा, असा तो काळ होता.

प्रशस्त्या अशा उलट्या हातानं वाचायला आपण इंग्रजांच्या काळात शिकलो, असा एक समज आहे. पण बाराव्या शतकात काश्मीरचा इतिहास लिहायला बसलेला कल्हण ‘राजतरंगिणी’च्या सुरुवातीलाच आपली साधनं सांगतो. देवळांच्या प्रतिष्ठेचे लेख, दानाची शासनं आणि प्रशस्तिपट्ट पाहून आपण पूर्वीच्या लेखकांच्या चुका निस्तरल्या, असं त्याचं म्हणणं आहे. तमिळ मुलखात तर राजराज चोळाच्या काळापासून लेखाच्या सुरुवातीला ठरावीक स्तुती येऊ लागली. तिला मेयकीर्ती म्हणतात. नवा प्रदेश जिंकला की तिच्यात एक ओळ वाढायची. त्यामुळे एखाद्या लेखातलं साल झिजलं असलं तरी विजयांची यादी कुठवर आली आहे, ते मोजून त्याचा काळ सांगता येतो.

राजराजानं बांधलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीही आहे. १८०३ साली सरफोजी दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला. तमिळ भाटांच्या मेयकीर्तीशेजारी आपली वंशावळ लावताना, मुलूख इंग्रजांच्या हाती गेलेल्या त्या राजाला आपण कोणाच्या पंगतीत बसतो, हे सांगायचं होतं. विजय सांगण्याजोगे उरले नसले की प्रशस्ती वंशावर विसंबते. हीही खूण वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी अशी.

माणसाबद्दल प्रशस्ती वाढवून सांगेल, गाळून सांगेल, क्वचित धडधडीत खोटंही सांगेल. तिची मापं मात्र तिला खोटी लावता येत नाहीत. ऐकणाऱ्यांना जे मोलाचं वाटतं त्याचीच स्तुती चालते. बाकीची वाया जाते. म्हणून सातवाहनांच्या काळात धर्मानं घेतलेला कर मिरवला गेला, रुद्रदामनाचं व्याकरणाचं, न्यायाचं आणि संगीताचं ज्ञान कोरलं गेलं, गुप्तकाळात वीणा नाण्यावर आली, मंदसोरला रेशीम देवळात आलं.

आजची प्रशस्ती चौकात लागते, फ्लेक्सवर. साचा तोच आहे. वरच्या कोपऱ्यात देव आणि महापुरुष, त्याखाली आकारानुसार लावलेले पक्षाचे नेते म्हणजे वंश, मध्ये हात जोडलेला नायक, सोबत ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’ किंवा ‘भावी’ने सुरू होणारं एखादं पद, आणि तळाशी शुभेच्छुकांची नावं, जिथे पूर्वी कवी आणि कोरक्या असत. त्या नेत्यांच्या फोटोंच्या आकारावरून उद्याचा अभ्यासक पक्षातली उतरंड बिनचूक सांगेल. ‘नगरसेवक शब्दशास्त्रात पारंगत’ किंवा ‘यांनी कुणावर अन्यायानं कर लादला नाही’ असं मात्र त्याला कुठल्याच फ्लेक्सवर सापडणार नाही. त्यावरून तो फोटोतल्या माणसाबद्दल काही ठरवू शकणार नाही. सिग्नलला थांबून तो फ्लेक्स वाचणाऱ्या आपल्याबद्दल मात्र त्याला बरंच काही कळेल.